कासुमिगासेकी ते ओकिनावा : एका प्राध्यापकांच्या मागावर

जपानवरचे लेख आपल्या अंकांतून अधूनमधून येतच असतात. बुलेट ट्रेन, फुजीसान, चेरीचा बहर आणि शाकाहारी माणसाची होणारी उपासमार, हे सगळं २०२४ च्या एप्रिलमध्ये आम्हीही यथासांग अनुभवलं. पण ते आता वाचकांना पाठ आहे. आम्ही सांगणार आहोत ते जरा आडवाटेचं: टोकियोतली सरकारी कचेऱ्यांची एक वस्ती, एक दफनभूमी आणि तिथून विमानाने तीनेक तासांवरचं ओकिनावा बेट. ही तीन ठिकाणं एका सहलीत कोणतीही ट्रॅव्हल कंपनी बसवणार नाही. आमच्यासाठी ती बसवली चाल्मर्स जॉन्सन नावाच्या प्राध्यापकांनी. आणि त्यांना जाऊन तेव्हा चौदावं वर्ष चालू होतं.

हे प्राध्यापक आमच्या घरात आले ते लेकीमुळे. कॉलेजात गेल्यावर तिने जाहीर केलं की आपण राज्यशास्त्र घेणार आणि जोडीला जपानी भाषा. आमच्याकडे सासर-माहेर धरून इंजिनियर सात, डॉक्टर दोन, सी.ए. एक. राज्यशास्त्र चालतं ते फक्त दिवाळीच्या फराळाभोवती, आणि तेही आवाज चढवून. "ते घेऊन पुढे करणार काय?" हा प्रश्न भारतातून दोन्ही आज्यांनी फोनवर विचारला. पोरगी नक्की वाचते तरी काय ते पाहावं म्हणून आम्ही तिच्या यादीतलं एक पुस्तक उचललं. 'मिटी अँड द जॅपनीज मिरॅकल', १९८२ सालचं. मिटी म्हणजे जपानचं आंतरराष्ट्रीय व्यापार आणि उद्योग मंत्रालय. एका सरकारी खात्यावर शेकडो पानं! झोपेचं औषध समजून हातात घेतलं आणि तीन रात्री जागलो. मग मलपृष्ठावरून इकडेतिकडे शोधता कळलं की हे गृहस्थ आमच्या सॅन डिएगोतच राहत होते. कार्डिफ-बाय-द-सी या किनाऱ्यावरच्या चिमुकल्या गावात २० नोव्हेंबर २०१० रोजी त्यांचं निधन झालं. त्या किनाऱ्यावर आम्ही मुलांना वाळूत खेळायला नेत असू.

तर टोकियोत पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही कासुमिगासेकी स्टेशनात उतरलो. नावाचा अर्थ 'धुक्याचा नाका' असा काहीसा होतो. वर आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मंत्रालयंच मंत्रालयं: अर्थ, परराष्ट्र, शेती, न्याय. संसदेची इमारत थोड्याच अंतरावर आहे. मिटीचं नाव जानेवारी २००१ मध्ये बदलून मेटी झालं, आणि त्याची इमारत दिसायला कुठल्याही मोठ्या कचेरीसारखी. काळ्या सुटातली माणसं मान खाली घालून आत-बाहेर करत होती. सौ. पाच मिनिटं शांत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुण्याला येऊन कोणी सेंट्रल बिल्डिंग बघायला जातं का हो?" मुद्दा बिनतोड होता. पण त्या पुस्तकाची सगळी कथा घडते ती इथेच.

युद्धात बेचिराख झालेला जपान वीस-पंचवीस वर्षांत जगातल्या पहिल्या तीन अर्थव्यवस्थांत कसा गेला, याची दोन उत्तरं तेव्हा अमेरिकेत प्रचलित होती. एक म्हणजे बाजारपेठेला मोकळं सोडलं म्हणून. दुसरं म्हणजे जपानी माणूस मुळातच कष्टाळू, शिस्तीचा, समूहात रमणारा म्हणून. जॉन्सनना दोन्ही पटेनात. ते १९२५ सालापासूनची सरकारी कागदपत्रं, अधिकाऱ्यांच्या आठवणी, कोणाची बदली कुठे झाली याच्या याद्या घेऊन बसले. त्यांना दिसलं की टोकियो विद्यापीठाच्या कायदा विभागातून निवडून आलेली हुशार पोरं या इमारतींत शिरतात, आयुष्य घालवतात, कोणता उद्योग वाढवायचा आणि कोणता मिटवायचा ते ठरवतात. निवृत्त झाली की त्याच उद्योगांच्या संचालक मंडळांवर जाऊन बसतात. या शेवटच्या पायरीला जपानीत 'अमाकुदारी' म्हणतात, म्हणजे स्वर्गातून खाली उतरणं. (आपल्याकडेही हे स्वर्गारोहण-अवरोहण चालतं, फक्त इतकं गोड नाव कोणी दिलं नाही.) मंत्री येतात आणि जातात, कारभार हाकतात ते हे लोक. १९५० च्या दशकात परकीय चलनाच्या किल्ल्या मिटीच्या हाती होत्या. परदेशी यंत्र किंवा तंत्रज्ञान हवं असेल तर त्यांच्या दारात उभं राहावं लागे. जॉन्सननी या व्यवस्थेला 'विकासाभिमुख राज्य' अशा अर्थाचं नाव दिलं, आणि ते आज जगभरच्या अभ्यासक्रमांत आहे.

इथे आमच्यातला भारतीय मधे बोलल्याशिवाय राहत नाही. परकीय चलनाच्या किल्ल्या, लायसन्स, सचिवांच्या दारात उभे उद्योगपती: हे सगळं आपल्याकडेही होतंच की! आमच्या वडिलांनी स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. स्कूटर दारात आली तेव्हा आम्ही पुढच्या फूटबोर्डवर उभं राहण्याएवढे झालो होतो. मग त्याच औषधाने एक रोगी धावायला लागला आणि दुसरा खाटेवरच का राहिला? पुस्तक वाचून आमच्या मनाशी जे उत्तर तयार झालं ते असं: तिथे लायसन्स मिळालं की त्याच्या बदल्यात माल परदेशात विकून दाखवावा लागे, म्हणजे परीक्षा बाहेरचा गिऱ्हाईक घेई. आपल्याकडे लायसन्स हेच बक्षीस होतं. जॉन्सन भारताविषयी असं लिहीत नाहीत. ही जोड आमची.

अर्थात मिटीवाले सर्वज्ञ नव्हते, हेही सांगायला हवं. पुढे सोनी झालेल्या कंपनीला १९५३ मध्ये ट्रान्झिस्टरचं लायसन्स घ्यायला २५ हजार डॉलर हवे होते, तर मिटीने ते कित्येक महिने अडवून धरले. १९६३ मध्ये मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचा कायदा आणायचा घाट घातला, तेव्हा मोटारसायकलवाल्या होंडांनी उघड भांडण मांडलं आणि त्याच वर्षी स्वतःची मोटार बाजारात आणली. कायदा काही संमत झाला नाही. इंजिनियर म्हणून आम्हाला ही होंडांची गोष्ट जास्त आवडते. पण जॉन्सनचं म्हणणं असं होतं की जपानी लोक 'असेच असतात' हे उत्तर आळशी माणसाचं आहे. सत्ता कोणाच्या हातात आहे, पैसा कोणाच्या सहीने सुटतो, ते आधी शोधा. युद्धानंतरचा 'चमत्कार' घडवणारे कित्येक अधिकारी युद्धाआधी मांचुरियात आणि युद्धकाळात दारूगोळ्याच्या मंत्रालयात तेच काम करत होते, हे त्यांनी नावानिशी दाखवलं. त्यांच्यातले किशी नोबुसुके तर १९५७ ते १९६० जपानचे पंतप्रधानच होते. अलीकडच्या शिन्झो आबेंचे ते आजोबा.

आता या गृहस्थांची थोडी कुळकथा. जन्म १९३१, ॲरिझोनातलं फीनिक्स. बर्कलीतून अर्थशास्त्राची पदवी घेऊन १९५३ साली नौदलात अधिकारी झाले, कोरियाचं युद्ध संपत होतं तेव्हा. त्या नोकरीने त्यांना जपानला नेलं आणि तिथे भाषा शिकायची गोडी लागली. परत येऊन बर्कलीतच १९६१ मध्ये राज्यशास्त्रात डॉक्टरेट केली. तीही गमतीची: विषय चीन, पण कागदपत्रं जपानी सैन्याची. जपानी सैन्य खेडोपाडी अत्याचार करत गेलं आणि त्याच्या धाकानेच चिनी शेतकरी कम्युनिस्टांच्या पाठीशी उभा राहिला, हे त्यांनी आक्रमकांच्याच अहवालांतून सिद्ध केलं. परकी फौज दारात आली की माणसं काय करतात, हा प्रश्न त्यांच्या पहिल्याच पुस्तकात आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

दुसरं पुस्तक १९६४ चं, ओझाकी होत्सुमी या पत्रकारावर. त्यासाठी आम्ही टोकियोच्या पश्चिमेला तामा दफनभूमीत गेलो. विस्तीर्ण, झाडांनी भरलेली, कमालीची स्वच्छ जागा. ओझाकी पंतप्रधान कोनोये यांच्या सल्लागारांच्या वर्तुळातला माणूस, आणि त्याच वेळी रशियाचा हेर रिचर्ड झोर्गे याचा साथीदार. दोघांनाही ७ नोव्हेंबर १९४४ रोजी एकाच दिवशी फाशी दिलं, आणि दोघेही आता याच दफनभूमीत आहेत. ओझाकीला वाटत होतं की लष्कर देशाला खड्ड्यात नेतं आहे. मग त्याने केला तो देशद्रोह की देशप्रेम? ज्या राजवटीने त्याला फासावर चढवलं ती वर्षभरात गेली आणि तुरुंगातून त्याने बायकोला आणि मुलीला लिहिलेली पत्रं १९४६ मध्ये पुस्तकरूपाने निघून घराघरांत वाचली गेली. लेक हे सगळं सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो. आपल्या कारखान्यातली जुनी माणसं जशी यंत्राबद्दल बोलतात तशी ती त्या कागदपत्रांबद्दल बोलते, हे तिथे पहिल्यांदा जाणवलं. 'करणार काय' हा प्रश्न आम्ही त्यानंतर विचारलेला नाही. आज्या अजून विचारतात.

बंडखोरांवर लिहिणारा हा माणूस स्वतः मात्र सरकारच्या बाजूचा होता. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बर्कली पेटलेलं असताना जॉन्सन युद्धाच्या बाजूने उभे होते. १९६७ ते १९७३ ते सी.आय.ए.ला सल्लाही देत. निदर्शनं करणारे विद्यार्थी व्हिएतनामी कम्युनिझमबद्दल वाचतात तरी काय म्हणून ते एकदा विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले, तर त्या विषयावरची पुस्तकं कोणी हात न लावलेली, जागच्या जागी. त्यांचा पारा चढला. पुढे तीस वर्षांनी त्यांनीच लिहिलं की मुलं अडाणी होती पण बरोबर होती. आणि आपण अभ्यासू होतो आणि चुकलो. स्वतःला ते साम्राज्याचा भालदार म्हणत. १९८८ मध्ये ते बर्कली सोडून सॅन डिएगोला आले, १९९२ मध्ये निवृत्त झाले. तेव्हा अमेरिकेत जपानच्या नावाने बोटं मोडायचे दिवस होते आणि शीतयुद्ध संपलं, जिंकला तो जपान, असं म्हणणाऱ्यांत जॉन्सन पुढे होते. हा अंदाज काही खरा ठरला नाही. जपानचा फुगा त्याच सुमारास फुटला.

निवृत्त प्राध्यापकाने एवढ्यावर बागकाम सुरू केलं असतं तरी चाललं असतं. पण ४ सप्टेंबर १९९५ रोजी ओकिनावात तीन अमेरिकन सैनिकांनी बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलीला पळवून नेऊन तिच्यावर अत्याचार केला. बेट हादरलं. ऑक्टोबरमध्ये गिनोवान गावात सुमारे ८५ हजार लोकांची सभा झाली. तिथले गव्हर्नर ओता मासाहिदे हे १९४५ च्या लढाईत शाळकरी वयातच सैन्यात ओढले गेलेले, मरता मरता वाचलेले, पुढे अमेरिकेत सिराक्यूस विद्यापीठातून पत्रकारितेत मास्टर्स करून प्राध्यापक झालेले. त्यांनी १९९६ च्या फेब्रुवारीत जॉन्सनना बोलावलं. चाळीस वर्षं जपानचा अभ्यास केलेला हा माणूस ओकिनावाला तेव्हा पहिल्यांदा गेला. वय ६४.

आम्ही नाहा विमानतळावर उतरलो तेव्हा दमट, उबदार वारा आला आणि सौ. म्हणाल्या, "अगदी रत्नागिरी." बाजारात तर कहरच: ढिगाने कारली! त्याला तिथे 'गोया' म्हणतात आणि टोफू-अंड्याबरोबर परततात. त्यात डुकराचं मांस घालायची पद्धत असल्यामुळे ते वगळून द्यायला सांगताना लेकीच्या जपानीची खरी परीक्षा झाली. पण पंधरा दिवसांनी कारल्याची भाजी मिळाल्यावर धाकट्यानेसुद्धा तक्रार न करता खाल्ली. हे बेट १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं. चलन डॉलर, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने. ३० जुलै १९७८ रोजी एका दिवसात सगळी वाहतूक डावीकडे आणली. रहदारी वळवली, पण तळ राहिले. जपानच्या जमिनीपैकी जेमतेम ०.६ टक्के ओकिनावाची, आणि फक्त अमेरिकन सैन्यासाठी राखलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के इथली.

आकडे वाचून काही होत नाही. गिनोवानच्या काकाझु टेकडीवरच्या उद्यानात चढलो. १९४५ च्या एप्रिलमध्ये इथे भयंकर लढाई झाली. वरच्या मनोऱ्यातून समोर बघितलं तर शहराच्या ऐन मध्यभागी, घरांच्या, शाळांच्या गर्दीत, सुमारे पावणेतीन किलोमीटरची धावपट्टी: फुतेन्माचा मरीन तळ. मेदूवड्याचं भोक सैन्याचं आणि कडेचा वडा तेवढा गावाचा. पंख उभे करून उडणारी ऑस्प्रे विमानं ओळीने उभी होती. ऑगस्ट २००४ मध्ये इथलं एक हेलिकॉप्टर शेजारच्या विद्यापीठाच्या आवारात कोसळलं. डिसेंबर २०१७ मध्ये दुसऱ्या हेलिकॉप्टरची खिडकी कुंपणालगतच्या प्राथमिक शाळेच्या मैदानात पडली, मुलं खेळत असताना. हा तळ पाच ते सात वर्षांत परत करू असा करार १९९६ च्या एप्रिलमध्ये झाला होता. अट अशी की बदली जागा याच बेटावर द्यायची. आम्ही उभे होतो तेव्हा त्या कराराला २८ वर्षं झाली होती.

जॉन्सनना आधी वाटलं, ओकिनावा हा अपवाद असेल. मग त्यांनी मिटीच्या वेळचीच युक्ती केली: सरकारची स्वतःची कागदपत्रं काढून बसले. पेंटॅगॉनच्या मालमत्तेच्या वह्यांतून त्यांनी जगभरचे सातशेहून अधिक तळ मोजले आणि ओकिनावा हा नमुना आहे असं ठरवलं. 'ब्लोबॅक' हे त्यांचं पुस्तक २००० साली आलं. चूल फुंकताना राख आपल्याच डोळ्यांत यावी तसा परदेशातल्या गुप्त उद्योगांचा परिणाम घरी परततो, असा त्याचा आशय. तेव्हा कोणी फार लक्ष दिलं नाही. सप्टेंबर २००१ नंतर दुकानात प्रती पुरेनात. पुढे आणखी दोन मोठी पुस्तकं लिहून त्यांनी तो विषय तडीला नेला. शेवटच्या लिखाणातला सूर आम्हाला जरा चढा वाटतो. अमेरिका दिवाळखोरीच्या काठावर आहे हे त्यांनी इतक्या वेळा लिहिलं, की पगार आणि कर दोन्ही इथेच मोजणाऱ्या आमच्यासारख्याला 'प्रोफेसरसाहेब, जरा दमानं' असं म्हणावंसं वाटतं. पण धावपट्टीच्या काठावर उभं राहिल्यावर त्यांचा राग कुठून आला ते कळतं. आमचं सॅन डिएगोही फौजेचंच गाव आहे. मिरामारच्या विमानांचा आवाज आमच्याही जेवणाच्या टेबलापर्यंत येतो. फरक एवढाच की त्याबद्दल तक्रार करायची तर आमचा खासदार आहे, आमचं मत आहे.

आणि त्या कुंपणाच्या आत आपलंच एक मूल होतं. आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाचा मुलगा मरीन्समध्ये आहे, तेव्हा फुतेन्मालाच हेलिकॉप्टरच्या देखभालीचं काम करत होता. त्याच्या आईने आमच्याकडे बेसनाच्या लाडवांचा डबा दिला होता. तो सुट्टीच्या दिवशी चातानच्या 'अमेरिकन व्हिलेज' नावाच्या बाजारपेठेत भेटायला आला. बावीस वर्षांचा, केस बारीक, मंडळाच्या गणपतीत लेझीम खेळायचा तोच. "काका, काकू" म्हणत वाकून नमस्कार केला. लेकीला काही राहवेना. तिने विचारलंच, "तुला इथे असणं बरोबर वाटतं?"

"ते मी ठरवत नाही," तो म्हणाला. "तैवान किती जवळ आहे ते मॅपवर बघ आधी. आणि ती शाळा आम्हालाही दिसते गं. मी बोल्ट तीनदा मोजतो. दोनदा मोजायचे असतात."

लेक म्हणाली, शाळेजवळून उडायचंच नाही हा पर्याय का नसावा? तो म्हणाला, ते वॉशिंग्टनला विचार. तिने सांगितलं, तेच विचारायला शिकतेय. मग दोघंही हसली आणि टाको राइस मागवला. टाकोचं सारण भातावर पसरायचं, हा पदार्थ १९८४ मध्ये इथल्याच एका तळाबाहेर जन्मला.

दुसऱ्या दिवशी बेटाच्या दक्षिण टोकाला माबुनीला गेलो. समुद्राच्या कड्यावर काळ्या दगडी भिंतींच्या रांगा आहेत, ओता गव्हर्नर असताना जून १९९५ मध्ये उभारलेल्या. ओकिनावाच्या लढाईत गेलेल्या सर्वांची नावं त्यांवर कोरली आहेत, २ लाख ४० हजारांहून जास्त. ओकिनावाचे, जपानचे, कोरियाचे, तैवानचे, आणि सुमारे १४ हजार अमेरिकन सैनिकही. कोण शत्रू, कोण मित्र, सैनिक कोण, नागरिक कोण, असा भेद केलेला नाही. ओकिनावाच्या नावांत एकेका कुटुंबाची आठ-दहा नावं एकाखाली एक येतात. एक आजी एका नावासमोर पाण्याची बाटली उघडून दगडावर पाणी ओतत होत्या, मग हाताने पुसत होत्या. धाकटा अमेरिकन नावं वाचत बराच पुढे गेला आणि परत येऊन म्हणाला की त्याला त्याच्या शाळेतल्या तिघांची आडनावं सापडली.

घरी परतल्यावर जेट लॅग उतरायच्या आत त्या मुलाच्या आईचा फोन आला. तळ, तैवान, प्राध्यापक, कशाचाही विषय तिने काढला नाही. "वाळलाय का हो तो?" एवढंच विचारलं. सौ. म्हणाल्या, "नाही गं, बरा आहे. आमच्या समोर तीन लाडू खाल्ले, आणि उरलेला डबा दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही म्हणाला."